कबुलीमागचे गणित

गुन्हा कबूल करणारा आरोपी सत्य सांगत असतो की केवळ वाट पाहणे थांबवत असतो? नव्या फौजदारी कायद्याने कबुलीचा सौदा अधिक आकर्षक केल्यानंतर या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.

आयपीएलमधील बेंगळूरु आणि मुंबई या संघांचा सामना सुरू होण्याच्या बेतात असताना, १७ एप्रिल २०१० रोजी बेंगळूरुच्या चिन्नास्वामी स्टेडियमपाशी बॉम्बस्फोट झाले. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. जुलै २०१८ मध्ये आरोपींपैकी तिघांनी विशेष न्यायालयापुढे गुन्हा कबूल केला आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ११ ऑगस्ट २०२० च्या रात्री याच शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून भडकलेल्या जमावाने डी. जे. हळ्ळी आणि के. जी. हळ्ळी येथील पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. त्या हिंसाचाराच्या प्रकरणातही जुलै २०२५ मध्ये तिघा आरोपींनी राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या विशेष न्यायालयात कबुली दिली आणि त्यांनाही सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

या दोन्ही निकालांचा सरळ अर्थ असा लावला गेला की, आरोपींनी गुन्हा कबूल केला, म्हणजे तपास खरा ठरला. तो तसा असेलही. या प्रकरणांत पडद्याआड काही सौदा झाला असे म्हणण्यास आधार नाही आणि येथे तसे सुचवायचेही नाही. पण कायद्यातील एक साधी तरतूद लक्षात घेतली, तर कबुलीचा दुसराही अर्थ संभवतो. खटला चालू असताना कोठडीत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये ही तरतूद होती, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४६८ मध्ये आहे. ज्याला जामीन मिळालेला नाही आणि ज्याच्या खटल्याचा शेवट दृष्टिपथात नाही, अशा माणसासाठी कबुली म्हणजे अनिश्चित कोठडीचे निश्चित शिक्षेत रूपांतर करण्याचा मार्ग असतो. दोषी माणूस हा मार्ग धरतो. अडचण अशी की निर्दोष माणसालाही तो धरावासा वाटू शकतो, आणि दोघांच्या कबुलीवरची सही सारखीच दिसते.

न्यायालयाचा नकार, संसदेचा होकार

आरोपीने गुन्हा कबूल करावा आणि मोबदल्यात शिक्षेत सवलत घ्यावी, या व्यवस्थेला 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याकडे प्रदीर्घ काळ संशयानेच पाहिले. त्यातील आरंभीचे दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांतले आहेत. १९६८ मधील 'मदनलाल रामचंद्र डागा' प्रकरणात न्यायालयाने गुन्ह्याच्या बाबतीत अशी घासाघीस करण्यास नापसंती दर्शवली. १९७६ मधील 'मुरलीधर मेघराज लोया' हे प्रकरण खाद्यतेलातील भेसळीचे होते. त्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी या प्रथेचे व्यंग उघडे केले: तुरुंगाची नामुष्की टाळू पाहणारा व्यापारी कबुली देतो, यंत्रणेचे काम हलके होते आणि न्यायदालनाबाहेर ठरलेल्या या व्यवहारात ज्याचे आरोग्य पणाला लागले तो समाज पक्षकारच नसतो.

१९८० मध्ये गुजरातमधील 'कासमभाई' प्रकरणात न्या. भगवती यांनी आणखी पुढचा धोका दाखवला. आपल्याकडील खटला लांबलचक, खर्चिक आणि बेभरवशाचा असतो. म्हणून निर्दोष माणूसही त्या फेऱ्यात अडकण्यापेक्षा किरकोळ शिक्षा पत्करेल, असे त्यांचे म्हणणे होते. ही प्रथा न्यायालयाने तेव्हा घटनाबाह्य ठरवली. पंचेचाळीस वर्षांनंतरही त्या निदानातील एकेक विशेषण लागू पडते, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे दुर्दैव.

विधि आयोग मात्र वेगळ्या दिशेने विचार करत होता. १९९१ च्या १४२ व्या आणि १९९६ च्या १५४ व्या अहवालात आयोगाने कबुली देणाऱ्या आरोपीला सवलत देण्याची शिफारस केली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. मलीमठ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्ये त्याला दुजोरा दिला. संसदेने २००५ मध्ये दुरुस्ती केली आणि ५ जुलै २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत '२१-अ' हे प्रकरण लागू झाले. आता ते नव्या संहितेत कलम २८९ ते ३०० मध्ये आहे.

कायद्याने आखलेली चौकट कागदावर तरी सावध आहे. सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षेचे गुन्हे, स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधा आणणारे म्हणून अधिसूचित केलेले गुन्हे या सवलतीतून वगळलेले आहेत. अर्ज आरोपीनेच, शपथपत्रासह करायचा असतो. न्यायाधीश त्याला बंद दालनात, दुसऱ्या पक्षाच्या अनुपस्थितीत विचारतात की हा अर्ज स्वेच्छेने केला आहे काय. त्यानंतर सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित एकत्र बसून तोडगा काढतात. त्यात पीडिताला भरपाईही देता येते. निकालानंतर अपिलाचा मार्ग बंद होतो. केवळ घटनेच्या अनुच्छेद १३६, २२६ आणि २२७ खालील दारे उघडी राहतात.

एवढी तजवीज करूनही ही तरतूद फारशी वापरलीच गेली नाही. कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या चर्चित अर्जांपैकी एक मुंबईतला होता. रिझर्व्ह बँकेच्या एका माजी कर्मचाऱ्याने २००७ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयात तो केला होता. सीबीआयने विरोध केला आणि भ्रष्टाचाराचे गांभीर्य पाहून न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतरच्या वर्षांत देशभरात या मार्गाने निकाली निघालेल्या फौजदारी प्रकरणांचे प्रमाण एक टक्क्याच्याही फार खाली राहिले. अमेरिकेत नेमके उलटे आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवल्यानुसार संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्य न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात.

हा फरक राष्ट्रीय स्वभावाचा नाही, अधिकारांच्या मांडणीचा आहे. अमेरिकी सरकारी वकील आरोप वाढवू किंवा कमी करू शकतो. सौद्यातले त्याचे हत्यार तेच असते. १९७८ च्या 'बॉर्डनकर्चर विरुद्ध हेज' या खटल्यात ८८ डॉलरच्या बनावट धनादेशासाठी आरोपीपुढे पाच वर्षांचा प्रस्ताव होता. त्याने तो नाकारला, तेव्हा त्याच्यावर सराईत गुन्हेगाराचे कलम लावले गेले आणि त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य मानले नाही. आपल्याकडे दोषारोप न्यायालय निश्चित करते, सरकारी वकिलाला आरोपांचा सौदा करता येत नाही आणि कायद्यात केवळ शिक्षेच्या प्रमाणाचा सौदा आहे. त्यामुळे धमकावण्याचे हत्यार आपल्या सरकारी वकिलाच्या हाती नाही. ते दुसरीकडे आहे.

चौदा महिने, अठ्ठावीस महिने

ते हत्यार म्हणजे काळ. नव्या संहितेतील दोन कलमे शेजारी ठेवली की ते स्पष्ट दिसते.

कलम २९३ नुसार, ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरवलेली नाही, त्यात प्ली बार्गेनिंग करणाऱ्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि तो प्रथमच गुन्ह्यात सापडला असेल तर एक षष्ठांश शिक्षा देता येते. किमान शिक्षा ठरलेली असेल तर तिच्या निम्मी, आणि प्रथम गुन्हेगाराला एक चतुर्थांश. जुन्या कायद्यात प्रथम गुन्हेगारासाठीची ही वाढीव सवलत नव्हती. दुसरीकडे कलम ४७९ सांगते की प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडावे. एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असतील, तर हा लाभ मिळत नाही.

आता समजा, ओडिशातून किंवा उत्तर कर्नाटकातून बेंगळूरुत आलेल्या एका बांधकाम मजुरावर राहत्या घरातील चोरीचा आरोप आहे. या गुन्ह्याला कमाल सात वर्षांची, म्हणजे ८४ महिन्यांची शिक्षा आहे. पोलिसांनी ६० दिवसांच्या आत आरोपपत्र दाखल केले, त्यामुळे आपोआप जामिनाचा हक्क संपला. गुणवत्तेवर जामीन मिळालाही असेल. पण शहरात मालमत्ता असलेला जामीनदार त्याच्या ओळखीचा नाही. तो परप्पन अग्रहार येथील मध्यवर्ती कारागृहात आहे. दोषारोप निश्चित होईपर्यंत नऊ महिने गेले.

त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. कबुली दिली तर ८४ महिन्यांचा षष्ठांश, म्हणजे १४ महिने. नऊ काढून झाले, पाच उरले. कबुली दिली नाही, तर कलम ४७९ चा दरवाजा २८ व्या महिन्यात उघडेल, म्हणजे आणखी १९ महिन्यांनी. तेव्हाही सुटेल तो माणूस, खटला सुटणार नाही. तारखा सुरूच राहतील. दोन वाटांमधील अंतर १४ महिन्यांचे आहे. आपण निर्दोष आहोत असे म्हणत राहण्याची ही किंमत संहितेनेच, अर्थात नकळत, ठरवून दिली आहे.

या गणितात आरोपीने चोरी केली होती की नाही, हा आकडा कोठेच येत नाही.

याच गुन्ह्यात अटक होऊन आठवड्याभरात जामिनावर सुटलेल्या माणसाचे गणित पाहावे. त्याला कबुली दिल्यास १४ महिने तुरुंगात जावे लागू शकते. न दिल्यास आज तरी कोठेच जायचे नाही. साक्षीदार फिरतात, फिर्यादी कंटाळतो, तपास अधिकाऱ्याची बदली होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतीय दंड संहितेखालील खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ५४.२ टक्के होते. म्हणजे निकालापर्यंत गेलेल्या खटल्यांत सुटण्याची शक्यता जवळपास निम्मी. चांगला वकील, थोडे पैसे आणि घरी झोपण्याची सोय असलेला माणूस ही शक्यता का सोडील? वाट पाहणे ही त्याची मिळकत आहे. तुरुंगातल्या माणसासाठी तेच वाट पाहणे दररोज वाढणारे कर्ज आहे.

प्ली बार्गेनिंग भारतात का रुजले नाही आणि जेथे रुजते तेथे कोणाच्या वाट्याला येते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या फरकात आहे. ज्याच्याकडे जामीन आहे, त्याला हा सौदा नको असतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याला नकार देणे परवडत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. कबुलीच्या सौद्याचे संभाव्य गिऱ्हाईक हेच.

टिकून राहिलेल्यांचे काय झाले?

सौदा करणारे आणि नाकारणारे, दोघांवरचे आरोप सारखेच असतील तर त्यांची तुलना करता येते. अशी संधी क्वचितच मिळते. २०२० मध्ये ती दिल्लीत मिळाली. करोना साथीच्या आरंभी निजामुद्दीन येथील तबलिगी जमातच्या कार्यक्रमाच्या संदर्भात साडेनऊशेच्या आसपास परदेशी नागरिकांवर आरोपपत्रे दाखल झाली. व्हिसाच्या अटींचा भंग, साथरोगविषयक आदेशांचे उल्लंघन असे आरोप होते. त्यांतील बहुसंख्यांनी प्ली बार्गेनिंगचा मार्ग धरला, काही हजार रुपयांचा दंड भरला आणि ते मायदेशी परतले. ४४ जणांनी मात्र खटला लढवण्याचे ठरवले. त्यांच्यापैकी आठ जणांना ऑगस्ट २०२० मध्ये आरोपमुक्त केले गेले. उरलेल्या ३६ जणांची १५ डिसेंबर २०२० रोजी निर्दोष मुक्तता झाली. आरोपी संबंधित काळात त्या इमारतीत उपस्थित होते, हेदेखील अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. तत्पूर्वी २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातील अशाच प्रकरणात २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले.

येथे लढणारे सारे सुटले. मग ज्यांनी कबुली दिली ते सारे दोषी होते काय? त्यांच्याविरुद्धचा पुरावा वेगळा वा अधिक भक्कम असल्याचे काही दिसले नाही. वेगळी होती ती त्यांची निकड. परक्या देशात, साथीच्या काळात, कुटुंबापासून दूर अडकलेल्या माणसाला काही हजार रुपयांत घरचा रस्ता मोकळा होत असेल, तर तो सही करणारच. कागदोपत्री या शेकडो कबुल्या 'दोषसिद्धी' आहेत. त्यांच्या जोरावर आकडेवारी सुधारते, यंत्रणेची पाठ थोपटली जाते आणि तपास कच्चा होता हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कबुलीच्या सौद्याचा हा दुसरा तोटा आरोपीचा नसून सर्वांचा आहे: पुराव्याची परीक्षाच झाली नाही, तर पुरावा नीट गोळा करण्याचे कारण उरत नाही.

सही करताना न सांगितलेले

कबुली देणाऱ्याला आपण काय देत आहोत हे माहीत असते काय? कर्नाटकातूनच गेलेल्या 'थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये या प्रश्नाला हात घातला होता. हयगयीमुळे मृत्यू घडवल्याच्या आरोपात आरोपीने सौम्य शिक्षेच्या भरवशावर कबुली दिली आणि दंडावर त्याची सुटका झाली. पुढे वरच्या न्यायालयात राज्याच्या अपिलावर त्याची शिक्षा वाढवली गेली. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हलक्या शिक्षेचे आश्वासन देऊन माणसाला बचाव सोडायला लावायचे आणि नंतर शिक्षा वाढवायची, हे अनुच्छेद २१ मधील न्याय्य प्रक्रियेच्या हमीशी विसंगत आहे. शिक्षा वाढवायचीच असेल, तर कबुली बाजूला ठेवून त्याला खटला लढण्याची संधी द्यायला हवी. आश्वासन देणाऱ्याने शब्द पाळला पाहिजे, एवढे तत्त्व त्यातून पक्के झाले. घेणाऱ्याला व्यवहाराचा पूर्ण अर्थ कळला पाहिजे, हे तत्त्व अजून पक्के व्हायचे आहे.

बेंगळूरुसारख्या शहरात तर या अर्थाचा मोठा भाग निकालपत्रात नसतोच. टॅक्सी चालवायची, सुरक्षारक्षक व्हायचे, घरपोच माल पोहोचवायचा, मोठ्या कंपनीच्या आवारात साफसफाईचे काम धरायचे, तरी पोलीस पडताळणी लागते. पारपत्र आणि सरकारी नोकरी ही आणखी पुढची गोष्ट. पाच महिन्यांची कोठडी वाचवणारी दोषसिद्धी पुढची वीस वर्षे माणसाच्या पोटाआड येऊ शकते. कोठडीतल्या माणसाला पाच महिने डोळ्यांसमोर दिसतात. वीस वर्षे त्याला कोणीतरी समजावून सांगावी लागतात.

ते समजावून सांगणार कोण? नव्या संहितेने प्ली बार्गेनिंगचा अर्ज दोषारोप निश्चितीपासून ३० दिवसांत आणि परस्परमान्य तोडगा ६० दिवसांत, अशी कालमर्यादा घातली आहे. दिरंगाई टाळण्याचा हेतू रास्त आहे. पण ३० दिवसांत कारागृहातल्या आरोपीची त्याच्या वकिलाशी एकदा तरी निवांत भेट होईल, आरोपपत्राची कागदपत्रे त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवली जातील आणि अभियोग पक्षाचा पुरावा कितपत टिकेल याचा अंदाज त्याला दिला जाईल, असे मानणे धाडसाचे आहे. कागदपत्रे कन्नडमध्ये, आरोपी ओडिया, बंगाली किंवा हिंदी बोलणारा, वकील विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला आणि बोलणे सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात, अशी परिस्थिती असेल तेव्हा 'तू हे स्वेच्छेने करतो आहेस ना?' या प्रश्नाला 'होय' याखेरीज उत्तर येत नाही. न्यायाधीशांनी विचारलेले खरे असते, आरोपीने दिलेले उत्तरही एका अर्थी खरे असते. फक्त त्या 'होय'चा गुन्ह्याशी संबंध असेलच असे नाही.

कोठडीबाहेर असलेल्यांवरही प्रक्रियेचा भार पडतो, तो वेगळ्या रूपात. रस्त्यावरचा जुगार, दारू पिऊन वाहन चालवणे अशा किरकोळ प्रकरणांत गुन्हा कबूल करून दंड भरणे हाच सर्रास शिरस्ता आहे. त्यात प्ली बार्गेनिंगचे प्रकरण उघडावेही लागत नाही. कारण उघड आहे. बेंगळूरुस्थित 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फौजदारी प्रकरणांतील पक्षकाराचा दर तारखेमागचा खर्च पाचशे रुपयांहून अधिक आणि बुडालेले उत्पन्न नऊशे रुपयांच्या आसपास आढळले होते. रोजंदारीवरच्या माणसाला चार तारखा म्हणजे दंडापेक्षा मोठी रक्कम. मग निर्दोषत्व सिद्ध करणे ही चैन ठरते.

जामीन आधी, सौदा नंतर

याचा अर्थ प्ली बार्गेनिंग रद्द करावे असा नाही. त्याच्या बाजूचे युक्तिवाद हलके नाहीत. कनिष्ठ न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत आणि त्यांत मोठा वाटा फौजदारी खटल्यांचा आहे. ज्याने खरोखर गुन्हा केला आहे आणि ज्याला तो मान्य आहे, त्याला दहा वर्षे तारखांना खेपा घालायला लावण्यात कोणाचेच हित नाही. ज्याची चोरी झाली त्याला अपिलाच्या अपिलानंतर मिळणाऱ्या निकालापेक्षा सहा महिन्यांत मिळणारी भरपाई अधिक मोलाची वाटू शकते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तुरुंगांतील गर्दी आणि तुंबलेले खटले यांवर उपाय म्हणून या मार्गाकडे नव्याने पाहण्यास सांगितले होते. प्रश्न मार्गाचा नाही. त्या मार्गावर माणूस चालत आला की ढकलला गेला, याचा आहे.

म्हणून पहिली सुधारणा प्ली बार्गेनिंगच्या प्रकरणात नव्हे, जामिनाच्या प्रकरणात हवी. कोठडीतील आरोपीचा अर्ज विचारात घेण्यापूर्वी न्यायालयाने त्याच्या जामिनाचा प्रश्न निकाली काढावा आणि जामीन मंजूर होऊनही तो केवळ जामीनदाराअभावी आत असेल, तर अट शिथिल करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. गरिबाच्या ऐपतीबाहेरचा जामीन म्हणजे जामिनाचा नकारच, हे न्या. कृष्णा अय्यर यांनी १९७८ च्या 'मोतीराम' प्रकरणात सांगून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे. बाहेर असलेला माणूसही कबुली द्यायला तयार असेल, तर त्या कबुलीवर विश्वास ठेवण्यास अधिक जागा आहे.

दुसरे, ३० दिवसांची मुदत दोषारोपाच्या तारखेपासून नव्हे, तर आरोपीला वकील मिळून सर्व कागदपत्रे हाती आल्याच्या तारखेपासून मोजावी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था उभी केली आहे. महाराष्ट्रात ती 'लोकअभिरक्षक कार्यालय' म्हणून परिचित आहे. अशा वकिलाने आरोपीला पुराव्याची बळकटी, पर्यायी मार्ग आणि दोषसिद्धीचे नोकरी-व्यवसायावरील परिणाम समजावून सांगितल्याचे लेखी टिपण अर्जासोबत असावे, आणि ते आरोपीच्या भाषेत असावे.

तिसरे, न्यायाधीशांची विचारपूस स्वेच्छेपाशी थांबू नये. आरोपपत्रातील पुरावा प्रथमदर्शनी तरी त्या कबुलीला आधार देतो काय, याची कारणांसह नोंद निकालात असावी. तब्बल शेकडो जणांनी कबुली दिलेल्या आणि लढणारा प्रत्येक जण सुटलेल्या प्रकरणात ही एक ओळ लिहिणे कठीण गेले असते. ते तसे जायलाच हवे होते.

चौथे, परिवीक्षेचा वापर. कलम २९३ न्यायालयाला तुरुंगवासाच्या हिश्शांपूर्वीच परिवीक्षेवर सोडण्याचा विचार करायला सांगते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ नुसार अशा रीतीने सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. प्रथमच सापडलेल्या, किरकोळ गुन्ह्यातील आरोपीसाठी एक षष्ठांश तुरुंगवासापेक्षा ही तरतूद कितीतरी अधिक मोलाची आहे. ती त्याला सांगितली तर पाहिजे.

शेवटी, मोजमाप. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्ली बार्गेनिंगने निकाली निघालेल्या प्रकरणांची संख्या देतो. त्यासोबत कबुलीच्या दिवशी आरोपी कोठडीत होता की जामिनावर, किती महिने आत होता आणि त्याचा वकील कोणी नेमला होता, एवढे तीन रकाने वाढवले तरी पुष्कळ उलगडेल. कबुल्या तुरुंगातूनच येत आहेत असे त्या रकान्यांतून दिसले, तर वाढत्या संख्येकडे यश म्हणून पाहता येणार नाही. नव्या संहितेने कबुलीचा मोबदला वाढवला आहे, त्यामुळे संख्या वाढेल अशीच अपेक्षा धरली पाहिजे. ती वाढ कोणाच्या खात्यावर जमा होते आहे हे पाहण्याची व्यवस्था आजच उभी करणे शक्य आहे, आणि तिच्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.